पालवी फुटलेला झोपाळा

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात दिवस उजाडायचा तोच धुक्यात. गावाला देवीची राई होती आणि राईला राखणदार होता, मानाजी. राईतली वाळकी काडीसुद्धा कुणी उचलायची नाही, अशी तिथली रीत. उचललीच, तर त्या घरची चूल विझवायची आणि महिनाभर त्या घराला कुणी विस्तव द्यायचा नाही. मानाजी ही रीत डोळ्यांत तेल घालून पाळायचा. म्हणजे, दुसऱ्यांकडून पाळून घ्यायचा.

एका सकाळी गोजरा नावाची म्हातारी त्याला राईच्या कडेला सापडली. पदरात चार काटक्या होत्या.

"लेक पहाटे बाळंत झाली रे बाबा," ती म्हणाली. "घरात लाकूड नाही. बाळाच्या अंघोळीपुरतं पाणी तापवते."

मानाजीला दया आली नाही असं नाही. पण देवीच्या कामात दया म्हणजे भेसळ, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. त्यानं गोजराच्या चुलीवर स्वतःच्या हातानं घागर ओतली. आतल्या खोलीत बाळ रडत होतं. कडक वागणं आपल्याला किती जड जातं, या विचारानं मानाजीचेच डोळे पाणावले.

घरी येऊन तो झोपाळ्यावर आडवा झाला. बाहेर धुकं, आत झोपाळ्याची करकर. हळूहळू डोळा लागला.

स्वप्नात देवी आली. हिरवं लुगडं, अनवाणी पाय, केसांत दव. माझं लाकूड कुणाकडे आहे, असं तिनं विचारलं. मानाजी लगबगीनं तिला गोजराच्या दाराशी घेऊन गेला. ती तिथं थांबलीसुद्धा नाही. धुक्यातून चालत चालत ती थेट मानाजीच्या घरात शिरली. दाराच्या चौकटीवरून तिनं हात फिरवला, तुळईवरून फिरवला आणि झोपाळ्यापाशी येऊन उभी राहिली. तिची बोटं लागताच फळीला पालवी फुटली. घरभर ओल्या रानाचा वास दरवळला.

जाग आली तेव्हा मानाजीचा आनंद पोटात मावेना. तो धावतच पारावर गेला आणि जमलेल्या गावाला त्यानं सगळं स्वप्न सांगितलं. देवी गोजराकडे थांबली नाही, माझ्या घरी आली, माझ्या झोपाळ्याला पालवी फुटली. याहून मोठी शाबासकी कोणती?

गर्दीतून गोजरानं विचारलं, "मानाजी, झोपाळ्याची फळी कुठल्या झाडाची?"

"राईतल्याच फणसाची," तो सहज म्हणाला. "चौकट, तुळईसुद्धा तिथलीच. राखणदाराचं घर म्हणजे देवीचंच घर की."

देवी जिथं थांबली नाही तिथं आपण कशाला थांबायचं, असं म्हणून गावानं त्या संध्याकाळी गोजराची चूल पेटवून दिली. आणि मानाजीची विझवली.

गारठा वाढला तसा तो खापर घेऊन दारोदार फिरला. कुणीच विस्तव दिला नाही. गोजरानं मात्र चुलीतले चार निखारे काढून त्याच्या खापरात घातले.

"ने," ती म्हणाली. "तुझ्याही घरात लेकरं आहेत."

निखारे जपत मानाजी धुक्यातून घरी निघाला. म्हातारीला अखेर आपली चूक उमगली, याचं त्याला फार समाधान वाटत होतं.

तात्पर्य: जगाला फसवणारा कधीतरी पकडला जातो आणि शहाणाही होतो, पण मी चुकूच शकत नाही असं ज्यानं स्वतःला पटवलं, त्याला साक्षात देवीनं चूक दाखवली तरी ती शाबासकीच वाटते.