ढोलीतून न हलणारी खार

एका टेकडीवरच्या रानात, चिंचेच्या ढोलीत एक खार राहत असे. सकाळी उठून चिंचेवरून जांभळीवर, जांभळीवरून मोहावर अशी सर्रकन फेरी मारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पुढे तिला दोन पिल्ले झाली आणि फेरी बंद पडली. "मी गेले नि मागे ह्यांना काही झालं तर?" असे म्हणत ती दिवसभर ढोलीच्या तोंडाशी बसून राही.

बाळांनो, बसून काळजी कमी झाली का? छे! उलट वाढली. पान हलले तरी तिच्या छातीत धस्स होई. झोप म्हणून लागेना. स्वतःच लपवलेले चिंचोके कुठे ठेवले तेही आठवेना. पिल्लू अंगावर चढले की ती खेकसे. एक दिवस धाकटे म्हणाले, "आई, आम्ही तुला नको झालो का गं?" तेव्हा मात्र तिला रडूच फुटले.

शेजारची साळुंकी ते ऐकून म्हणाली, "अगं बाई, पिल्लांसाठी घरात बसलीस नि पिल्लांवरच डाफरतेस? पाय थांबलेत ना, म्हणून डोकं भणभणतंय. जा, फेरी मारून ये. मी बसते इथं."

"आणि रानमांजर आलं तर?"

"तर ओरडेन की! माझ्या आवाजाला सगळं रान कंटाळलंय, तुला माहीत नाही होय?"

पहिल्या दिवशी खार जांभळीवरूनच धापा टाकत परतली. तरी तिने नेट सोडला नाही. हळूहळू झोप लागू लागली, चिंचोके सापडू लागले, पिल्लांशी खेळताना ती हसू लागली.

आणि एका दुपारी रानमांजर खरेच चिंचेवर चढले! साळुंकीने एकच कालवा केला. खार झटकन ढोलीबाहेर फांदीवर आली. ती घाबरली होती, पण डोके जाग्यावर होते. शेपटी उडवत ती ओरडली, "काय गं मावशी, दमलीस वाटतं?" चिडलेले मांजर पिल्लांना सोडून तिच्या मागे लागले. चिंचेवरून जांभळीवर, जांभळीवरून मोहावर! मोहाची शेंड्याकडची फांदी वाळली आहे हे खारीला नेमके आठवले. ती त्या फांदीवरून अलगद पलीकडे गेली. मांजराने मागोमाग उडी घेतली आणि कडाड्! ते फांदीसकट थेट करवंदीच्या काट्यांत पडले. तिथून जे पळत सुटले, ते टेकडी उतरूनच थांबले.

"आमची आई जिंकली! आमची आई जिंकली!" पिल्ले ढोलीत नाचू लागली. खार परतली ती ताठ शेपटीने, आणि दोघांनाही तिने पोटाशी धरले.

तात्पर्य : अंग हलते ठेवले तर मन ताजे राहते आणि बुद्धी वेळेला धावून येते.