उतारावरचं डिझेल

गाडीचे भाग आपसांत बोलत आणि माणसांना ते ऐकू येत नसे, तेव्हाची ही गोष्ट. एक जुनी व्हॅन घाटमाथ्यावर पोचली. आत कळा सोसत असलेली सुगंधा आणि तिची सासू होती. दवाखाना घाट उतरून पुढे सात किलोमीटरवर होता.

"झोप रे इंजिना," डिझेलची टाकी म्हणाली. "माझा तळ दिसायला लागलाय."

चालक कोंडिबाच्या मनातही तेच आलं. "मावशी, डिझेल पुरवायचंय," म्हणत त्यानं गिअर काढला, इंजिन बंद केलं. व्हॅन उतारावरून आपोआप धावू लागली. टाकी सुखावली.

पहिल्याच वळणावर ब्रेक ओरडला, "इंजिनाला उठवा! त्याच्या दमावर माझा जोर. ते झोपलं की मी नुसता दगड!"

"गप रे, भित्र्या!" टाकीनं दटावलं.

पण ब्रेक खरंच दगडासारखा घट्ट झाला होता. कोंडिबानं दोन्ही पायांनी दाबला, तरी वेग कमी होईना. समोर दरी दिसू लागली.

"कोंडिबा, अरे दोन जिवांची आहे पोर!" सासू किंचाळली.

त्यानं चावी फिरवली, गिअर टाकला. इंजिनानं जागं होत हिसका देऊन गाडी मागे ओढली, ब्रेकमध्ये जोर आला आणि चाकं कठड्यापासून वीतभर अंतरावरून वळली.

सुगंधाला दवाखान्यात आत नेल्यावर टाकीनं इंजिनाला भीत भीत विचारलं, "जागं राहून उतारावर किती प्यायलंस?"

"थेंबभरही नाही. गिअरात असताना उतारच मला फिरवतो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगणार कसं? आधी तू मलाच गप्प केलंस."