गुळाची तुला

"मग पोरीला धीर यायचा कधी, बुवा?"

रावसाहेब मगदूम मठाच्या ओसरीवर मांडी घालून विचारत होते. समोर अंगणात मोठा तराजू टांगला होता. शेजारी गुळाच्या ढेपा रचल्या होत्या, घरच्याच गुऱ्हाळातल्या. जे मागायचं ते मागावं आणि पोराच्या वजनाइतका गूळ मठाला वाहावा, अशी त्या गावची रीत.

रावसाहेबांनी मुलीसाठी धीर मागितला होता. खरं तर गूळ वाहायचा तो मागणं पुरं झाल्यावर. पण वाट बघणं मगदुमांच्या रक्तात नव्हतं.

बुवा डोळे मिटून बसले होते. म्हाताऱ्याला झोप लागली की काय, अशी रावसाहेबांना शंका आली.

"साखरेचा आजार आहे तिला." त्यांनी आवाज खाली आणला. "जेवायच्या आधी दर वेळी इन्सुलिनची सुई. जन्माची. आणि दर वेळी रडारड. मगदुमांची पोर, आणि सुईला भिते."

"जमलेल्या लोकांना काय सांगितलंस?"

"कशाबद्दल?"

"गूळ कशासाठी आणलाय, ते."

रावसाहेबांनी घसा साफ केला. "परीक्षेत पहिली आली म्हणून."

"आली?"

"...परीक्षेच्या वेळी दवाखान्यात होती."

बुवांनी मुलीला हाक मारली. कस्तुरी येऊन उभी राहिली. दहा-अकरा वर्षांची, काटकुळी, खांद्याला छोटी पिशवी.

"सुईला भितेस, बाळ?"

"नाही."

"मग रडतेस का?"

तिनं वडिलांकडे पाहिलं.

"सांग की," रावसाहेब म्हणाले.

"मोरीत, आतनं कडी लावून सुई घ्यावी लागते."

"घरात माणसांची ये-जा असते, बुवा," रावसाहेब घाईनं म्हणाले. "कुणी बघितलं, तर उद्या हिला पदरात घ्यायला कोण येणार?"

"एकदा सुई घ्यायच्या आधीच साखर उतरून हातपाय कापायला लागले," कस्तुरी म्हणाली. "कडी निघेना."

"हाक मारायची होतीस," बुवा म्हणाले.

"बाहेर पाहुणे होते. पाहुणे असले की मोरीतनं हाक मारायची नाही, असं बाबांनी सांगितलंय."

"मग?"

"आईनं दार फोडलं. साखरेचं पाणी पाजलं."

त्या दिवशी रावसाहेब सोप्यात बसून पाहुण्यांना उसाचं सांगत होते. दार फुटल्याचा आवाज आला, तेव्हा मांजर असेल म्हणाले होते. ते त्यांना आठवलं, आणि आठवलं म्हणून मुलीचाच राग आला.

"चला, तराजूकडं," ते उठले.

कस्तुरी पारड्यात बसली. दुसऱ्या पारड्यात ढेपा चढू लागल्या. तिचं पारडं हळूहळू वर आलं, तशी माणसांनी टाळ्या वाजवल्या. पंगत मांडली होती, स्वयंपाकघरातून गव्हाच्या खिरीचा, हुग्गीचा गोड वास येत होता.

"बाबा, सुईची वेळ झाली."

"उतर. स्वयंपाकघराच्या मागं चल."

तिनं पारड्याची साखळी धरली. ओसरीकडे पाहिलं. बुवांचे डोळे मिटलेलेच होते.

"मी इथंच घेते."

"कस्तुरी... लोक बघताहेत."

तिनं पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढलं, आकडा फिरवला, पोलक्याची कड वर केली. रावसाहेबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिच्यापुढे पडद्यासारखं धरलं.

गर्दीतून त्यांची थोरली बहीण पुढे आली. "काय टोचतीय रं ती?"

"काय नाही, आक्का. ताकदीचं औषध आहे."

कस्तुरीनं हातानं उपरणं बाजूला केलं.

"आत्या, मला डायबेटिस आहे. तो बरा होत नाही. सुई नाही घेतली तर मी मरेन."

आत्यानं पदर तोंडाला लावला. मागच्या बाजूला कुणीतरी कुजबुजलं, "म्हणजे पोरीत खोट आहे." ते रावसाहेबांनी ऐकलं. कस्तुरीनंही ऐकलं. तिनं सुई घेतली, मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं, पेन बंद करून पिशवीत ठेवलं. रडली नाही.

रावसाहेब ओसरीवर आले. चेहरा काळाठिक्कर पडला होता. लाज वाटत होती, पण नक्की कशाची, हे त्यांचं त्यांनाच उमगत नव्हतं. उपरणं अजून दोन्ही हातांत तसंच ताणलेलं होतं.

"सगळं चव्हाट्यावर आलं, बुवा. एवढा गूळ वाहिला, आणि पदरात काय पडलं?"

बुवांनी डोळे उघडले. तराजूकडे पाहिलं.

"पोरी, तू उतर खाली," ते म्हणाले. "रावसाहेब, आता तू बस पारड्यात... आणि गुऱ्हाळावर माणूस पाठव. एवढा गूळ पुरायचा नाही."