अर्धवट शिकलेला दुभाषी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही.

त्या राज्याची राजधानी एका दरीत वसली होती. गावाला खेटून नदी वाहायची. ती खडकांवर अशी आदळत जायची, की या काठावरून कितीही ओरडलं तरी त्या काठाला ऐकू जात नसे. पलीकडे डोंगर होते आणि डोंगरात राहणारे लोक होते. त्यांची बोली दरीतल्यांना कळत नसे आणि दरीतल्यांची त्यांना कळत नसे.

पण दोघांचे पूर्वज एकेकाळी एकच भाषा बोलत. ती जुनी भाषा आता कुणाच्याच घरात उरली नव्हती. तरी पूर्वजांनी एक करार करून ठेवला होता: एकमेकांना काही सांगायचं झालं, तर ते याच भाषेत सांगायचं, मोठ्या कापडावर गेरूने लिहून.

म्हणून गावात जुन्या भाषेची एक शाळा होती. विशाखाबाई तिथे शिकवत. सकाळी मुलं धुळाक्षरं गिरवत, मग शब्दांची रूपं घोकत. त्या भाषेत शब्द कुठेही ठेवले तरी चालत. कुणी, कुणाला, कुठून, कशासाठी हे सगळं शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून कळे. मुलांना याचा फार कंटाळा येई.

राजा व्यवहारी होता. एके दिवशी तो शाळेत आला आणि म्हणाला, "बाई, ही भाषा आता बोलतं कोण? मुलांचे दिवस वाया जातात. एक दुभाषी दरबारात असला म्हणजे पुरे."

"महाराज, जो दुभाषी ठेवाल त्याचं शिक्षण तरी पुरं होऊ द्या," बाई म्हणाल्या.

राजाने ते मनावर घेतलं नाही. शाळा बंद झाली. बाईंचा सगळ्यात चलाख विद्यार्थी सोमदत्त, त्याला दरबारात जागा मिळाली.

सोमदत्ताला शब्द पुष्कळ येत. रूपं मात्र त्याने कधी नीट पाठ केली नव्हती. शब्द ओळखीचे असले की अर्थ आपोआप लागतो, असं तो म्हणे. त्याचं अक्षरही भराभर लिहून बिघडलेलं होतं. पण राजाला ती भाषा येत नव्हती. चूक काढणार कोण? काही वर्षं अशीच सुखात गेली. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, त्यांना दिसेनासं झालं आणि लोक त्यांना विसरले.

मग एका सकाळी पहारेकरी धावत आला. पलीकडच्या काठावर डोंगरातली शेकडो माणसं उभी होती. त्यांच्याजवळ कुऱ्हाडी होत्या, धनुष्यं होती. दोघांनी एक लांब कापड उंच धरलं होतं.

राजा, सेनापती आणि सोमदत्त नदीवरच्या झुलत्या पुलापाशी गेले. धनुर्धारी काठावर ओळीने उभे राहिले.

"वाच," राजा म्हणाला.

सोमदत्ताने डोळे बारीक केले. वरच्या ओळीत चार शब्द होते: डोंगर, तुम्ही, मृत्यू, येणे. खाली तीन: मुलं, उंच, नेणे. सगळे शब्द ओळखीचे होते. त्याला आनंदच झाला.

"महाराज, डोंगरातले लोक आपला जीव घ्यायला येत आहेत," तो म्हणाला. "आणि आपली मुलं वर त्यांच्या गडावर नेणार म्हणतात. ओलीस म्हणून."

त्याच वेळी पलीकडून दोन माणसं पुलावर चढली. एक म्हातारा होता, त्याच्या पुढे एक तरुण मुलगी. सेनापतीने राजाकडे पाहिलं. राजाने मान हलवली आणि सेनापतीच्या तलवारीने पुलाचे दोर तुटले.

म्हाताऱ्याच्या हाताला लोंबता दोर लागला. त्याच्या लोकांनी त्याला वर ओढून घेतलं. मुलगी खाली गेली. नदीच्या आवाजात तिची किंकाळीही या काठाला ऐकू आली नाही.

आता बाण सुटतील म्हणून सगळ्यांनी ढाली वर केल्या. पण पलीकडून एकही बाण आला नाही. ती माणसं मागेही हटली नाहीत. त्यांनी कापड आणखी पुढे, अगदी कड्याच्या टोकाशी आणलं आणि दोन्ही हातांनी ताणून धरलं.

सोमदत्त ते पाहत राहिला. पडताना त्या मुलीचे हात त्याला दिसले होते. ते रिकामे होते. त्याने पुन्हा पहिल्या शब्दाकडे पाहिलं, त्याच्या शेवटच्या अक्षराकडे. ते रूप त्याला आठवेना. खरं म्हणजे ते त्याला कधी आलंच नव्हतं.

"महाराज," तो म्हणाला, "विशाखाबाईंना बोलवा. मला या शब्दांचे शेवट लागत नाहीत."

"मग मघाशी वाचलंस ते काय होतं?"

"अंदाज होता, महाराज."

राजाचा चेहरा पांढरा पडला. पण रागवायला वेळ नव्हता. मेणा पाठवून बाईंना आणलं. त्या हात धरून कड्यापर्यंत आल्या. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सोमदत्ता, मला दिसत नाही. तू बघ आणि सांग. पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर कसं आहे?"

"गोल आहे, बाई. खाली शेपूट आहे."

"शेपूट कोणत्या बाजूला वळलंय?"

"उजव्या."

"म्हणजे 'डोंगरातून'. दुसरा शब्द?"

"शेवटी दोन उभ्या रेघा. वर टिंब आहे."

"'तुमच्याकडे'. आणि 'मृत्यू'ला काही जोडलंय का?"

"काही नाही. साधाच आहे."

"मग येणारा तो आहे. माणसं नव्हेत," बाई म्हणाल्या. "डोंगरातून तुमच्याकडे मृत्यू येतो आहे. खालची ओळ सांग."

सोमदत्ताने एकेक अक्षर सांगितलं. बाईंनी अर्थ लावला: "मुलांना उंचावर न्या."

सेनापतीच्या हातात अजून नागवी तलवार होती. त्याने ती खाली ठेवली.

राजा म्हणाला, "त्यांना विचारा. मृत्यू कोणता? लवकर."

कापड अंथरलं. सोमदत्ताने गेरूत कुंचला बुडवला आणि झरझर लिहिलं, "मृत्यू कोणता ते सांगा." शिपायांनी कापड उचलून धरलं.

पलीकडे एकदम गडबड उडाली. बायका मागे सरल्या. एका तरुणाने धनुष्याला बाण लावला. इकडच्या धनुर्धाऱ्यांनीही दोऱ्या ताणल्या.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "कापड खाली घ्या. माझं बोट शेवटच्या शब्दावर ठेवा."

ओल्या गेरूवरून त्यांनी बोट फिरवलं. "या अक्षराची गाठ कुठे आहे? गाठ नसली की 'सांगा'चं 'मारा' होतं. तू त्यांना 'मारा' असं लिहिलंस."

"मी गाठ काढली होती, बाई."

"मनात काढली असशील. पुन्हा लिही. सावकाश."

"बाई, वेळ नाही," राजा म्हणाला.

"वेळ नाही म्हणूनच नीट लिहायला हवं, महाराज."

सोमदत्ताने कुंचला उचलला. बाई त्याच्या मागे गुडघ्यांवर बसल्या. लहान मुलाचा धरावा तसा त्यांनी त्याचा हात आपल्या हातात धरला. डोळे गेले होते, पण हाताला वळण माहीत होतं. आधी त्यांनी त्याच्याकडून लिहून घेतलं, "आमची चूक झाली." मग खाली प्रश्न. प्रत्येक अक्षर सुटं, प्रत्येक गाठ भरीव.

कापड वर गेलं. पुलावरून वाचलेला म्हातारा कड्याशी आला. त्याने दोन्ही ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग त्या तरुणाचं धनुष्य हाताने खाली दाबलं आणि स्वतः कुंचला घेतला.

त्याचं उत्तर आलं तेव्हा सोमदत्ताने या वेळी अंदाज केला नाही. एकेक शेवट बाईंना मोठ्याने सांगितला, बाईंचा होकार आल्यावरच पुढचा शब्द घेतला.

"वरच्या सरोवराचा काठ खचला आहे. आज फुटेल."

नगारा वाजला. माणसं मुलांना खांद्यावर घेऊन, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन टेकडीकडे धावली. सेनापतीचे शिपाई घराघरांत शिरून उरलेल्यांना बाहेर काढत होते. राजा सगळ्यांत शेवटी चढला. दिवस कलत असताना डोंगरात गडगडाट झाला आणि तपकिरी पाण्याची भिंत दरीत शिरली. बाजार गेला, घरं गेली, राजवाड्याची खालची दालनं गेली. टेकडीवर लोक आपापली मुलं मोजत होते. एकही मूल कमी नव्हतं.

पाणी ओसरल्यावर पूल पुन्हा बांधला आणि राजा पलीकडे गेला. सोबत बाई होत्या आणि सोमदत्त होता. तो म्हातारा त्यांना भेटायला आला. पडलेली मुलगी त्याचीच लेक होती. त्याने जुन्या भाषेत, शब्द सावकाश उच्चारत विचारलं, "तिला का मारलंत?"

सोमदत्ताने उत्तर जुळवायला वेळ घेतला. बाईंना त्याने मदत मागितली नाही. "मला वाचता येत नव्हतं," तो म्हणाला, "आणि येतं असं मी सांगितलं."

म्हाताऱ्याने नदीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ते कापड तिनेच लिहिलं होतं. आमच्यात तिचं अक्षर सगळ्यांत चांगलं. तुम्हाला लांबून नीट वाचता यावं म्हणून."

सोमदत्ताने खाली बसून जमिनीला डोकं टेकवलं.

राजाने दोन्ही काठांवर शाळा बांधल्या. सोमदत्ताने दरबारातली जागा सोडली. तो लहान मुलांच्या ओळीत बसला आणि पहिल्या रूपापासून पुन्हा शिकू लागला. पुढे तो शिकवूही लागला, पण एखादं रूप आठवलं नाही तर "मला येत नाही" असं मुलांसमोर सरळ सांगे आणि पोथीत पाहून येई.

म्हणून बाळांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: आज निरुपयोगी वाटणारी विद्याही नीट, शेवटपर्यंत शिकावी, कारण अर्धवट शिकणाऱ्याच्या चुकीची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्यालाच मोजावी लागते.