नदी गप्प झाली ती दुपार

"म्हणजे तुम्हाला अजूनही भीती वाटते?" जयवंतने विचारलं.

"वाटते," अप्पा म्हणाले.

"इतक्या वर्षांनंतर?"

"रोज."

जयवंत वडीलधाऱ्या माणसाचं चुकलेलं गणित बघावं तसा खाली बघत राहिला.

अप्पा मूळचे खानदेशातले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते हिमालयातल्या या अरुंद खोऱ्यात आले आणि इथलेच झाले. नदीकाठच्या सपाट जागेत बिमला नावाची पहाडी बाई एक कॅम्प चालवायची. देवदाराच्या फळ्यांच्या सात केबिन, पाच तंबू आणि एक स्वयंपाकघर. सगळ्यात वरच्या अंगाची केबिन अप्पांची. उन्हाळ्यात महाराष्ट्रातून माणसं यायची, आठ-पंधरा दिवस राहायची, लाकडं फोडायची, भांडी घासायची, आणि अप्पांजवळ बसायची. अप्पा फारसं बोलत नसत.

जयवंत घारपुरे यंदा नवव्यांदा आला होता. नाशिकला तो भीती घालवण्याची शिबिरं घ्यायचा. लोक त्याला मानत.

"मला नाही वाटत," तो म्हणाला. "आता कशाचीच नाही. तपासून पाहिलंय मी."

अप्पांनी ओंडका उभा ठेवला, कुऱ्हाड घातली. लाकूड दुभंगलं.

"आणि ती मुलगी?"

"ऋजुता? तिची बरीच गेलीय. उरलेली इथे जाईल."

ऋजुता त्याची विद्यार्थिनी, चोवीस वर्षांची. मागच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ अपघातात गेला. भर दुपारी शेजाऱ्यांनी बाहेरून तिच्या नावाने हाका मारल्या होत्या, तेव्हा कळलं. तेव्हापासून कोणी लांबून हाक मारली की तिच्या अंगाला कापरं भरायचं.

"हाक ऐकू आली की तिला काय होतं, विचारलंस कधी?"

"अप्पा, ती हाक ऐकायचीच नाही, हेच तर मी शिकवतोय."

अप्पांनी काही म्हणायला तोंड उघडलं…

मिटलं. पुढचा ओंडका घेतला.

जेवणानंतर जयवंत ऋजुताला घेऊन नदीच्या कडेने खाली गेला. वळणापलीकडे, पाण्याला लागून एक मोठी सपाट शिळा होती. तिथे त्याने तिला बसवलं.

"डोळे मिट. मी येऊन खांद्याला हात लावीन तेव्हाच उघडायचे."

"कोणी हाक मारली तर?"

"उठायचं नाही. कोणाचीही असो. माझी असली तरी नाही. ती हाक म्हणजे तुझीच भीती आहे, असं समजायचं."

"तुमची असली तरी?"

"माझी असली तर मुळीच नाही."

तिने मान डोलावली. तिचा विश्वास होता त्याच्यावर.

तो कॅम्पपाशी परतला आणि काठावरच, एका दगडावर, स्वतःही डोळे मिटून बसला.

नदीचा तो आवाज त्याला नऊ वर्षं छळत आला होता. दिवसरात्र एकसारखी घरघर. मन जरा कुठे ठरतंय असं वाटावं, तर आवाज आत घुसायचा. आजही तसंच झालं. अर्धा तास गेला असेल.

मग घरघर कमी झाली.

आधी तिच्यातला जडपणा गेला. मग दगडांवरून उडणाऱ्या पाण्याचा बारीक आवाज तेवढा उरला. मग तोही विरला.

जयवंतला स्वतःचा श्वास ऐकू आला. देवदारांमधून वारा गेला तो ऐकू आला. मग काहीच नाही…

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच ते, असं त्याला वाटलं. नऊ वर्षांनी, अखेर, मन गप्प झालं होतं.

वर स्वयंपाकघराच्या पायरीवर बिमला तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. तिने मान वर केली, जरा वेळ तशीच बसली. मग अगदी हळू म्हणाली,

"अप्पाजी… नदी चुप हो गई।"

अप्पांच्या हातातली कुऱ्हाड खाली पडली.

दुपारी वरचं बर्फ वितळतं आणि नदी चढते. रोज चढते. त्या दिवशी ती उतरत होती. पाणी आटलं नव्हतं. वर कुठेतरी डोंगर खाली आला होता, नदीच्या पात्रात बसला होता, आणि सगळं पाणी त्याच्यामागे साठत होतं. मातीचा तो बांध किती वेळ धरणार, हे कोणालाच सांगता आलं नसतं. पाच मिनिटं, नाहीतर तासभर.

बिमलाने परात उचलली आणि पळीने बडवायला सुरुवात केली.

कॅम्पातली पाहुणेमंडळी तेव्हा मजेत होती. पाणी ओसरलं म्हणून चारपाचजण पात्रात उतरले होते, ओल्या दगडांवर उभे राहून फोटो काढत होते. परातीच्या आवाजाने ते हसत वळले.

"ऊपर! सब ऊपर! सामान छोड़ो!"

तिच्या आवाजात असं काही होतं की हसू जागच्या जागी गेलं. वरच्या गावाकडे जाणारी पायवाट चढणीची होती. माणसं तिकडे धावू लागली. कोणाच्या पायात चपला नव्हत्या.

अप्पा उलट्या दिशेला, नदीकडे धावले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, वाटेत दोनदा पडला.

जयवंतने डोळे उघडले तेव्हा अप्पा त्याच्यासमोर उभे होते. तो हसला.

"अप्पा… थांबलं सगळं."

"ऊठ."

"ऐका तरी. किती शांत—"

अप्पांनी त्याच्या सदऱ्याला धरलं. त्यांनी इतक्या जोरात खेचलं की सदऱ्याचं बटण तुटून दगडावर पडलं.

"इकडे बघ!"

जयवंतने नदीकडे बघितलं.

नदी नव्हती. काळे, शेवाळलेले, कधी ऊन न पाहिलेले दगड होते. मधे चिखल होता. एका डबक्यात मासे एकमेकांवर चढून तोंडं उघडत होते, मिटत होते.

अप्पांनी त्याला ओढून उभं केलं.

"ऋजुता कुठाय?"

"वळणापलीकडे… शिळेवर."

"हाक मार तिला! वर चढायला सांग!"

जयवंत हलला नाही.

"मार हाक!"

"अप्पा, ती हाकेला उठणार नाही."

"का?"

"मीच… मीच सांगितलंय."

अप्पांनी त्याला वळणाच्या दिशेला ढकललं.

"पळ," ते म्हणाले.

तो पळाला. पण पायांना वर जायचं होतं. प्रत्येक पावलाला ते डोंगराकडे वळत आणि तो त्यांना ओढून नदीकडे आणत होता. मागून काही येतंय का, हे बघायला मान वळवायची त्याची छाती होईना. कसलाच आवाज नव्हता. पक्षीसुद्धा नाहीत.

वळणावर पोचताच तो ओरडला, "ऋजुता!"

शिळेवर ती ताठ बसली होती. पाठ सरळ, हात मांडीवर.

"ऋजुता! ऊठ! ऋजुता!"

तिला ऐकू येत होतं. लांबूनसुद्धा त्याला ते दिसलं. प्रत्येक हाकेला तिचे खांदे उडत होते. गालांवरून पाणी वाहत होतं. पण ती उठत नव्हती. तो जितका जीव तोडून ओरडत होता, तितके तिचे डोळे घट्ट मिटत होते.

तो तिच्यापाशी पोचला, धापा टाकत तिच्या खांद्याला हात लावला. ती किंचाळली.

"मी आहे… डोळे उघड."

तिने उघडले. आधी तिने त्याच्या हाताकडे बघितलं. तो हात तिच्या खांद्यावर स्थिर राहत नव्हता.

"सर… तुम्ही घाबरलाय?"

आयुष्यात त्याला एवढं अवघड उत्तर कधी द्यावं लागलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "खूप घाबरलोय. चल."

ती लगेच उठली.

परत कॅम्पकडे जायला वेळ नव्हता. समोर काटेरी झुडपांची उभी चढण होती. ते हातापायांवर चढू लागले. माती सुटत होती. धरलेलं झुडूप मुळासकट हातात येत होतं. अर्ध्यावर ऋजुताचा पाय सुटला, ती घसरली, तिने जयवंतचा घोटा पकडला. त्या क्षणी त्याला पाय झटकून टाकावासा वाटला. खरंच वाटला. त्याने दात आवळून एक मूळ धरलं आणि तसाच लटकून राहिला.

"हात दे!"

वरून आवाज आला. अप्पा कसे कोण जाणे आडव्या वाटेने तिथवर आले होते. एका देवदाराला एका हाताने धरून ते वाकले होते. त्यांनी आपलं उपरणं खाली सोडलं. जयवंतने ते ऋजुताच्या हातात दिलं, ती वर सरकली तसं खालून तिला ढकललं. मग तो चढला. मग तिघे आणखी वर, आणखी वर, कोणीही मागे न बघता.

आधी वारा आला. थंड, मातीच्या वासाचा, खालून वर.

मग पायाखालची जमीन थरथरली.

मग ते आलं. पाणी म्हणावं असं त्यात काही नव्हतं. तपकिरी, उंच, झाडं आणि दगड कडाकडा चावत आलं. वळणापलीकडची शिळा दिसेनाशी झाली. वरच्या बाजूला कॅम्पच्या केबिन एकामागून एक उचलल्या गेल्या. एक तर उभीच्या उभी वाहत त्यांच्या खालून गेली, खिडकीचा पडदा तसाच लावलेला. अप्पांची केबिन कोणती होती, ते कळलंसुद्धा नाही.

ऋजुताने जयवंतचा दंड धरला होता. नखं रुतली होती. त्यानेही तिचा हात सोडला नाही.

संध्याकाळी सगळे वरच्या गावातल्या शाळेच्या ओसरीत होते. बिमलाने पुन्हा पुन्हा मोजलं. पाहुणे तेवीस. घरची चार. अप्पा. सगळे होते. तिच्या दोन गाई मात्र स्वयंपाकघरामागे बांधलेल्या होत्या, त्या सोडायला वेळच मिळाला नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. रडण्याचा आवाज येत नव्हता.

खाली नदी गरजत होती. वर अजून पाणी अडलेलं आहे, असं कोणीतरी सांगत आलं. मग कोणी म्हणालं, नाही. डोंगरात कुठेतरी दगड घरंगळला की ओसरीतली सगळी माणसं एकदम गप्प व्हायची.

ऋजुता बायकांमध्ये घोंगडी पांघरून बसली होती. जयवंतजवळ नव्हती.

जयवंत अप्पांशेजारी येऊन बसला.

"तिने घोटा धरला तेव्हा…" तो म्हणाला आणि थांबला.

अप्पांनी वाट पाहिली.

"मला तिला झटकून टाकायचं होतं, अप्पा."

"हं."

"हे तिला सांगू?"

"विचारलं तर सांग."

जयवंतने मान हलवली.

"चूक माझीपण आहे," अप्पा म्हणाले. "सकाळी बोलायला हवं होतं. राहिलं."

"का राहिलं?"

"वाटलं, तू दुखावशील… पुन्हा येणार नाहीस."

जयवंतने त्यांच्याकडे बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याला ते म्हातारे दिसले. पायाला खरचटलेलं, धोतर फाटलेलं, डोळे दर थोड्या वेळाने दरीकडे जाणारे.

गावातल्या बायकांनी चहाचं मोठं पातेलं आणून ठेवलं. ग्लास मांडले. वाटायला कोणी उठेना. जो तो आपापल्या गुडघ्यांना मिठी मारून बसला होता.

जयवंत उठला. त्याने ओगराळं घेतलं, पहिला ग्लास भरला, आणि एका म्हाताऱ्या पाहुण्यापुढे धरला. चहा त्याच्या बोटांवर सांडला. म्हाताऱ्याच्या घोंगडीवर सांडला. दुसरा ग्लास भरला, तोही सांडला. सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. ऋजुतासुद्धा.

तो अप्पांसमोर येऊन उभा राहिला.

"थांबत नाहीत हो हात," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात रडू होतं. "कधी थांबतील, अप्पा?"

अप्पांनी त्याच्या हातातला ग्लास घेतला. त्यांच्या हातातही तो डुचमळला. त्यांनी दुसरा हात लावला, दोन्ही हातांनी तो तोंडाशी नेला, आणि एक घोट घेतला.

"अर्धेच भर," ते म्हणाले.