खुंटीला बांधलेली शेंडी

एकदा एका वेदपाठशाळेत परीक्षेचा आदला दिवस उजाडला आणि तिथला सर्वांत मेहनती शिष्य अच्युत एकाच जागी पुन्हापुन्हा घसरू लागला. दोन सूक्तांत एक ओळ जवळजवळ सारखी होती. तिथे पोचला की त्याची जीभ पहिल्या सूक्तातून निसटून दुसऱ्यात शिरायची, आणि त्याला ते कळायचेही नाही. परीक्षेत असे दोनदा झाले, की शिष्याला घरी धाडत.

तिथली रीत अशी, की पाठांतराला बसलेल्याची शेंडी दोरीने खुंटीला बांधायची. डुलकी लागली की हिसका. ही रीत पाळायला लावणारे वडीलधारे स्वतः मात्र दुपारी जेवून घोरत असत. या शिष्याने कित्येक रात्री तशाच काढल्या होत्या.

दुपारी त्याचे वडील आले. मुलाची चूक ऐकून म्हणाले, "दोरी आखूड करा, गुरुजी. झोपा काढत असणार हा."

वृद्ध गुरुजींनी पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला आणि दोरी कापली. "अच्युता, आत जाऊन झोप. मी हाक मारेपर्यंत उठायचं नाही." मग दाराला कडी घालून ते उंबऱ्यावर बसले.

वडिलांचा तोल गेला. "उद्या परीक्षा, आणि तुम्ही त्याला झोपवताय? गावात तोंड कसं दाखवू मी?"

"तुमच्या तोंडाचं उद्या बघू. आज त्याचे डोळे बघितलेत?"

"आम्हीपण असेच शिकलो."

"त्यातलं आठवतंय किती?"

वडिलांनी नजर दाराकडे वळवली. गुरुजी म्हणाले, "सारवलेल्या अंगणात लगेच कोणी चालत नाही. वाळू द्यावं लागतं. दिवसा घोकलेलं झोपेत पक्कं होतं. आपण पोराला रात्रभर ओल्यावर नाचवतो आणि ठसे उमटले म्हणून त्यालाच बोल लावतो. परवा हा तापाने दिवसभर झोपून होता. उठल्यावर हेच सूक्त सरळ म्हणाला. मी ऐकलंय."

वडिलांना पटले नाही. अंधार पडेपर्यंत ते अंगणात येरझारा घालत, बंद दाराकडे बघत राहिले.

सकाळी गुरुजींनी कडी काढली तेव्हा उजळणीला वेळच उरला नव्हता. परीक्षकांसमोर शिष्य त्या ओळीपाशी आला आणि थांबला. वडिलांनी उपरणे मुठीत आवळले. शिष्याने श्वास घेतला आणि पहिल्याच सूक्तात पुढे गेला. शेवटपर्यंत गेला.

नंतर तो गुरुजींसमोर उभा राहिला, पण पाया पडायला वाकला नाही.

"गुरुजी, गेल्या वर्षी माझ्याशेजारी बसणारा सदाशिव याच ओळीवर चुकला. तोही रात्र रात्र जागायचा."

गुरुजींनी हातातला पानाचा डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "हो. आणि मी त्याला मंद ठरवून घरी पाठवलं."

"मग त्याला परत आणा."

गुरुजींनी वहाणा पायांत सरकवल्या आणि सदाशिवच्या गावाची वाट धरली.

घरातल्या पोराला मठ्ठ म्हणण्याआधी निदान एवढे पाहावे, की आपण त्याला झोपू देतो का.