पाला आपल्या बाजूला

हिरवेगव्हाणच्या माळावर सकाळ कधी घाईने येत नसे. आधी पूर्वेकडच्या डोंगराची कड राखाडी होई. मग त्या राखेवर कोणी हलकेच फुंकर घालावी तशी ती आतून उजळू लागे. उजेड उतारावरून खाली येई तो गवताच्या पात्यापात्याशी रेंगाळत. दवाच्या थेंबात क्षणभर थांबे, निजलेल्या मेंढ्यांच्या पाठीवरची लोकर पिवळसर करी, ओढ्याच्या पाण्याला नुसता स्पर्श करून पुढे जाई, आणि सर्वांत शेवटी माळाच्या टोकाशी असलेल्या काळ्या खडकावर येऊन स्थिरावे. त्या खडकावर विश्राम नावाचा तरुण बोकड रोज उभा असे. तो फारसा बोलत नसे. खडक ऊब धरू लागला की त्याच्या खुरांना ती कळे, आणि तेवढ्या भांडवलावर त्याचा सबंध दिवस सुखात जाई.

हिरवेगव्हाण हे शेळ्यामेंढ्यांचे सुखी राज्य होते. त्यांचा राजा दौलतराव एडका हा निवडणुकीवर अपार श्रद्धा असलेला राजा होता. इतरांना त्रास नको म्हणून दर खेपेस तो एकटाच उभा राही. राज्याला लांडग्याचे भय होते. लांडगा कोणी पाहिला नव्हता. परंतु निवडणूक जवळ आली की ओढ्याकाठी त्याच्या पावलांचे ठसे उमटत, आणि महाराज स्वतः प्रजेला ते दाखवायला घेऊन जात. त्या वर्षी ठसे चांगलेच मोठे निघाले. म्हणून राज्याभोवती कुंपण घालायचे ठरले.

कुंपण कशाचे घालावे हे पाहण्यासाठी समिती नेमली गेली. शेळ्यांना कोणत्याही वस्तूची पारख करण्याची एकच रीत ठाऊक असल्यामुळे समितीने सर्व नमुने खाऊन पाहिले. दगडी गडगा चाटून झाल्यावर त्याला चव नसल्याचा शेरा पडला. काटेरी तार चघळता येत नाही, सबब ती जनभावनेशी विसंगत ठरली. घायपाताने सभासदांचे घसे धरले आणि कामकाज दुपारपर्यंत तहकूब झाले. बांबूचे कोवळे कोंब इतके पसंत पडले की समितीने नमुना पुन्हा मागवला, मग आणखी एकदा मागवला, आणि अखेरीस बांबू उपलब्ध नसल्याचे नोंदवले. शेवटी बोरीच्या फांद्या आल्या. पाला हिरवागार, मधूनमधून पिकली बोरे. ठराव एकमताने संमत झाला. काही सभासदांचे तोंड भरलेले असल्याने त्यांनी मान हलवून संमती दिली.

कंत्राटदार मात्र स्थानिकच हवा, असा महाराजांचा आग्रह होता. ओढ्यापलीकडच्या साळिंदराचा अर्ज त्यामुळे बाद झाला. उरला पिलाजीशेठ कोल्हा. त्याच्याजवळ स्थानिक असल्याचा काय पुरावा आहे, असे समितीने विचारले, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, “माझ्या तीन पिढ्या याच माळावर जेवल्या आहेत.”

महाराजांचे डोळे पाणावले. मोबदल्याचा विषय निघाला तेव्हा घरचेच काम आहे, सवडीने घेईन, असे म्हणून पिलाजीशेठने तो हसून टाळला.

कुंपणाची रेघ आखली गेली, आणि काळा खडक तिच्या बाहेर राहिला. चार पावलांनी राहिला. विश्रामने ती चार पावले पुन्हा पुन्हा चालून पाहिली. रेघ थोडी वाकवा, एवढेच सभेत सांगायचे, असे त्याने ठरवले. ते वाक्य तो रात्रंदिवस मनात घोळवत राहिला.

सभेच्या दिवशी तो उठून उभा राहिला. शेजारी बसलेली त्याची मावशी, म्हातारी गोदाक्का, पुटपुटली, “बोल की रे. का आता शिंगं फुटल्यावर तोंड बंद झालं?”

नेमक्या त्याच वेळी पिलाजीशेठने बोरीची एक फांदी उंच धरली होती. “मंडळी, एका टोकाला बुंधा, दुसऱ्या टोकाला पाला. पाला कोणाच्या बाजूला ठेवू, तेवढं सांगा.”

उभा असलेला विश्राम एकटाच. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. जिकडे पाला तिकडेच काटे, हे बोरीखाली वाढलेल्या प्रत्येक करडाला ठाऊक असते, विश्रामलाही होते.

“पाला आपल्या बाजूला,” तो म्हणाला.

माळ दणाणून गेला. आयुष्यात प्रथमच त्याच्यासाठी खुरे आपटली गेली. ते वाक्य संध्याकाळपर्यंत घोषणा झाले आणि दुसऱ्या दिवशी राज्याचे ब्रीद. खडकाची गोष्ट काढणे त्यानंतर बरे दिसले नसते.

पिलाजीशेठने बाहेर उभे राहून, बुंधे आपल्याकडे ठेवत, कुंपण सुरेख रचले. फाटक म्हणजे एक मोठी फांदीच होती. ती बुंध्याला धरून ओढावी लागे, म्हणून फाटक उघडण्याची तसदी तो स्वतःच घेई. लोकार्पणाला प्रजा कुंपणापर्यंत चालत गेली आणि तिथेच जेवली. असा सोहळा राज्याने पाहिला नव्हता. आठवड्याभरात पाला संपला. काटे उरले, आणि ते आत पाहत होते.

कोणीतरी कुजबुजले. महाराजांनी तात्काळ भाषण केले. काटे बाहेर असते तर लांडगा सावध झाला असता, ते म्हणाले. शिवाय आपली सुरक्षा आपल्याला रोज डोळ्यांसमोर दिसते, हे भाग्य कोणत्या राज्याला लाभले आहे?

“अंगालाही लागते,” गोदाक्का म्हणाली. ती लांडग्याची नातेवाईक असल्याचे त्याच संध्याकाळी जाहीर झाले. ती बराच वेळ हसत होती.

पिलाजीशेठ दरम्यान अंगाने भरला. काही मेंढ्या दिसेनाशा झाल्या. त्यांनी परराज्यात प्रगती केल्याचे कळले.

विश्राम सकाळी कुंपणापाशी उभा राही. उजेड अजूनही उतारावरून येई, काट्यांमधून झिरपून त्याच्या तोंडावर बारीक रेघा ओढी, आणि चार पावलांवरचा खडक एकट्यानेच ऊब धरी. त्या दिवशी आपण गोंधळलो, भलतेच बोलून गेलो, असे तो स्वतःला समजावीत असे. लाजाळू जनावराचे असे होते. पुढच्या सभेत सत्य सांगायचे, फांद्या उलटवा म्हणायचे, असे वाक्य त्याने नव्याने घोळवायला घेतले.

पुढची सभा निवडणुकीच्या तोंडावर भरली. ठसे आणखी मोठे निघाले होते. महाराजांनी कुंपणाच्या आतल्या अंगाने दुसरी रांग घालण्याची घोषणा केली. माळ थोडा आक्रसेल, पण पाला ताजा असेल. पिलाजीशेठने नवी फांदी उंच धरली आणि तोच प्रश्न विचारला.

विश्राम उभा राहिला. वारा त्याच्या दिशेने होता. बोरीच्या कोवळ्या पाल्याचा वास थेट नाकात शिरला. गोदाक्का त्याच्याकडे पाहत होती. ‘आपल्या बाजूला’ या घोषणेवर त्याने सर्वांबरोबर खूर वर केले.

मागच्या वेळीही तो गोंधळला नव्हता. त्याला पाला हवा होता.